शून्याच्या खालचं पाणी

३ मार्च

मुंगळ्या,

वही पाठव.

नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यातलं पहिलं वाक्य हे, म्हणून तू कागद चुरगाळणार, ठाऊक आहे मला. चुरगाळ, पण आधी पुरता वाच. ख्यालीखुशाली विचारायचा माझा हक्क राहिलेला नाही, तेव्हा ते नाटक मी करत नाही. तुझा पत्ता तुझ्या भाचीने दिला. ती तुला दर महिन्याला फोन करते हे मला आत्ता कळलं. माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली! विचारलं तर म्हणते, "मामाच म्हणाला, आईला सांगू नकोस, उगाच तिला लागेल." मला काय लागेल याची तू काळजी करतोस हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं होतं. मला चीड आली.

कामाचं बोलते. आमच्या कार्यालयाने वरची नदी वळवायचं ठरवलं आहे. तू नदीचं पाणी मोजायचास त्या जुन्या चौकीच्या खाली दीड किलोमीटरवर बंधारा, तिथून डोंगराच्या पोटातून अकरा किलोमीटरचा बोगदा, पलीकडच्या खोऱ्यात जलाशय आणि तिथून शहराला पाणी. नकाशावर फार छान दिसतं. तांबड्या पेन्सिलीने एक रेघ ओढली की डोंगर संपला. सगळा डोलारा उभा आहे तो एकाच आकड्यावर: कोरड्या महिन्यांत नदीत पाणी किती. त्या आकड्याखाली सही लागते जलविज्ञान विभागाच्या प्रमुखाची. ती सध्या मी आहे. अभिनंदन करू नकोस.

तू गेल्यावर चौकीवर माणूस नेमलाच नाही. एक आपोआप मोजणारं यंत्र बसवलं, ते पहिल्याच थंडीत बंद पडलं, आणि आता त्याच्या डब्यात कुठल्याशा पक्ष्याने संसार थाटलाय. म्हणजे कोरड्या वर्षांचे म्हणून आमच्याकडे जे आकडे आहेत ते तुझ्या शेवटच्या तीन वर्षांचे, तुझ्या हातचे फॉर्म. त्यांत नदी कधीच अठ्ठेचाळीस क्युसेकच्या खाली जात नाही. तीन वर्षं डोंगर करपला होता, खालच्या विहिरी आटल्या होत्या, आणि नदी मात्र आपली अठ्ठेचाळीस! ते आकडे खोटे आहेत. तुलाही माहीत आहे आणि मलाही.

खरे आकडे तू वेगळ्या वहीत लिहीत होतास. आईनेच मला सांगितलं होतं एकदा, "फॉर्म भरतो आणि पुन्हा नदीवर जातो, याला वेडबिड लागलंय का बघ." ती वही मला हवी आहे. बोगद्याचं तोंड त्रेचाळीस क्युसेक ओढेल असं बांधणार आहेत, आणि पाच खाली नदीला सोडणार. आता खरी नदी वीसची असेल तर उरतं काय ते तूच वजा कर. तुझ्या दुकानासमोर दोन महिने नुसते दगड. तू दुरुस्त केलेल्या पंपांनी लोकांनी उपसायचं काय, हवा?

२८ एप्रिलला समिती बसते. त्याआधी पाठव.

ताई (निदान कागदोपत्री)

१४ मार्च

मुंगळ्या,

अकरा दिवस झाले. पोस्टमनला मी आता तोंडपाठ झाले आहे. लांबूनच मान हलवतो मेला.

बरं, तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. मी लिहिते. जेवणाच्या सुट्टीत दफ्तरखान्यात बसते. इथे कोणी येत नाही, कारण इथे जुने आकडे ठेवलेले आहेत आणि जुन्या आकड्यांची आमच्याकडे कोणाला गरज नसते. तुझे फॉर्म तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहेत. वरची फळी बाबांची, तुझ्याआधी ते चौकी सांभाळायचे तेव्हाची. बाबांच्या फॉर्मवर खाडाखोड नाही, पण आकडे कसे वेडेवाकडे उड्या मारतात! आज सत्तावन्न, उद्या बहात्तर, परवा एकसष्ट. खरी नदी अशीच असते. तुझ्या शेवटच्या तीन वर्षांतली नदी शिस्तीत चालते, शाळेला निघालेल्या पोरीसारखी.

इथे काय चाललंय ऐक. खालच्या दालनात प्रकल्पाची प्रतिकृती मांडली आहे. प्लास्टरचे डोंगर, हिरवा भुसा, निळ्या रंगाचा जलाशय. पाहुणे आले की शिपाई त्यात खरोखरचं पाणी ओततो. ते गळतं. गेल्या आठवड्यात पाहुण्यांच्या पायांखाली शहराचा पाणीपुरवठा वाहत होता आणि आमचे मोठे साहेब एका पायाने फडकं सरकवत "दोन हजार साठपर्यंतची चिंता मिटली" असं सांगत होते. पाहुणे माना डोलवत होते. एकाने धरणाच्या भिंतीवर चहाचा कप ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे.

या साहेबांना थुंकी लावून पान उलटायची सवय आहे. माझा अहवाल त्यांच्या टेबलावरून परत येतो तेव्हा प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ओलसर अंगठा उमटलेला असतो. मी ती पानं चिमटीत धरते. बरं, वाचलेलं काहीच नसतं. उलटलेलं असतं, एवढंच. आणि बाहेरून आणलेला एक सल्लागार आहे. डोंगरात चालायचे बूट घालून बैठकीला येतो. बुटाच्या तळाला अजून दुकानातला चिकट कागद आहे. त्याने नदी पाहिलेली नाही. म्हणतो, "मॅडम, आम्हाला नदी बघायची गरज नाही, आम्हाला मालिका लागते." मालिका म्हणजे आकड्यांची. सलग हवी, मध्ये भोक नको. खोटी चालेल, रिकामी चालत नाही! शिसारी येते मला या माणसांची, खरंच.

आमच्याकडचा हा जुनाच रोग आहे. फॉर्ममधली जागा रिकामी सोडायची नाही. आकडा नसेल तर मागच्या वर्षीच्या आसपास ठेवायचा. सगळ्या चौक्यांवर हेच चालतं. तुलाही कोणीतरी वरून तसंच सांगितलं असणार. तू आपल्या मनाने भरणारा नव्हेस, एवढं मी जाणते. तेव्हा घाबरू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही, मी बघते. वही पाठव.

ताई

२६ मार्च

मुंगळ्या,

मिळाली.

पंपाच्या वायसरांच्या खोक्यात, ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेली. सोबत चिठ्ठी नाही, एक ओळसुद्धा नाही. खोकं उलटंपालटं करून पाहिलं. ठीक आहे. माझी तेवढीच लायकी.

रविवारी सकाळी बसून सगळी वाचली. तुझी भाची दोनदा येऊन विचारून गेली, "आई, रडतेस का?" म्हटलं, ग्रीसचा वास डोळ्यांत जातोय. मुंगळ्या, काय काम केलंयस रे! पाणी नदीतल्या मोजपट्टीच्या शून्याच्या खाली उतरलं म्हणून तू डोहात लोखंडी नळी ठोकलीस आणि कानशीने तिच्यावर खुणा पाडल्यास. वीस मीटरच्या अंतराने दोन दगड रंगवलेस, लाकडाचा तुकडा सोडायचा आणि घड्याळ लावायचं. रोज तीनदा. पात्राची रुंदी दोरीने, खोली काठीने. पानांना आकडे घातलेस, बाबा घालायचे तसे, म्हणजे कोणी म्हणू नये की मधलं पान गेलं. मी ते सगळं मांडून पाहिलं. दोन-तीन चुका सोडल्या तर आमच्या पगारी लोकांनी मान खाली घालावी असं काम आहे. सगळ्यात कमी दिवशी नदी एकोणीस क्युसेक. सलग सव्वीस दिवस बावीसच्या आत.

आणि पान बेचाळीस.

तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण हे मला माझ्या हाताने एकदा लिहायचं आहे. "१९ मार्च. सकाळी ८. पाणी शून्याखाली नऊ सेंटीमीटर. १०.२० ला कार्यालयात फोन. ताई बोलली. विचारलं, शून्याच्या खाली काय लिहू. ताई म्हणाली, फॉर्ममध्ये शून्याच्या खाली जागा नाही, मागच्या वर्षीच्या आसपास ठेव. माणूस पाठवते म्हणाली."

तर तो "वरून कोणीतरी" म्हणजे मी. गेल्या पत्रात मी तुलाच सांगत होते की तुला कोणीतरी सांगितलं असणार! तू ते वाचून काय केलं असशील देव जाणे. मी असते तर वही चुलीत घातली असती. तू फडक्यात गुंडाळून पाठवलीस.

नियम तुला माहीत होता आणि मला तुझ्यापेक्षा जास्त. पाणी शून्याच्या खाली गेलं की अभियंत्याने वर यायचं, स्वतः प्रवाह मोजायचा, खाली दुसरी पट्टी बसवायची. ती अभियंता मी होते. वर यायला दोन दिवस, मोजायला एक, उतरायला दोन. त्याच आठवड्यात माझी बढतीची मुलाखत होती. मी पाच दिवस वाचवले, बाकी काही कारण नाही. आईच्या तब्येतीचं, पोरीच्या परीक्षेचं असं काहीबाही मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. त्या सगळ्या थापा आहेत. आणि पुढच्या दोन वर्षी तू फोन केला नाहीस, कारण उत्तर तुला मिळालेलं होतं.

आज संध्याकाळी वहीच्या प्रती काढणार आहे. त्या पानाचं काय करायचं ते ठरत नाही. माझी किळस येते मला, पण ठरत नाही.

ताई

६ एप्रिल

मुंगळ्या,

ऐक मी काय दिवे लावलेत ते.

प्रती काढल्या. मशीनपाशी उभी राहून एकेक पान ठेवत गेले. चाळीस, एक्केचाळीस. मग बेचाळीस हातात धरलं, आणि त्रेचाळीस ठेवलं. इतकं सोपं होतं! कोणी बघत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, यात आकडे कुठे आहेत, एकच तर नोंद आहे, ती गेली म्हणून काय नदी बदलते. आकडे सगळे पोचले की झालं. माझं नाव कशाला मध्ये.

काल साहेबांच्या दालनात आम्ही तिघं बसलो. साहेब, सल्लागार आणि मी. सल्लागाराने पानं चाळली. बुटांचा शहाणा असला तरी मोजता येतं त्याला. म्हणाला, "मॅडम, एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस?"

साहेबांनी अंगठा जिभेला लावला, पुढे-मागे केलं. "खरंच की. बेचाळीस कुठे गेलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आलं ते असंच."

"मूळ वही कुठाय?"

"माझ्याकडे नाही." वही माझ्या पायाशी पिशवीत होती.

सल्लागार खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे बघा, निष्काळजीपणाबद्दल काढून टाकलेला माणूस. सरकारी फॉर्मवर एक लिहितो, घरच्या वहीत दुसरं लिहितो, आणि त्यातलं पान काढून ठेवतो. ज्याने पान काढलं त्याने आकडे बदलले नसतील कशावरून? हे कसं धरायचं आम्ही?"

बरोबर बोलला तो. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. तुझी तीन वर्षांची मेहनत मी एका पानात मातीत घातली, आणि पान नंबरांमुळे सापडलं, जे नंबर तू खरेपणासाठी घातले होतेस.

मग साहेबांना उदार व्हावंसं वाटलं. म्हणाले, "असं करू. फॉर्म म्हणतो अठ्ठेचाळीस, वही म्हणते एकोणीस. मध्य काढा. चौतीस धरा. कोणाचंच मन मोडायला नको."

"साहेब, नदी काय भाजी आहे का, घासाघीस करायला?"

ते हसले. पोट हलेपर्यंत हसले. "तुमचा भाऊ आहे ना तो? म्हणून लागतंय तुम्हाला. चौतीस धरा आणि सही करा." टेबलावर बिस्किटं होती. एक उचलून चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, ते बोटाने काढून खाल्लं आणि त्याच बोटाने तुझ्या वहीची प्रत माझ्याकडे सरकवली. बाहेर येऊन तोंड धुतलं, तरी चव जाईना.

आता ते "निष्काळजीपणाबद्दल काढून टाकलेला". तेही आज बोलून टाकते. दुसऱ्या विभागाची माणसं फिरतीवर आली, त्यांनी बघितलं की पट्टी कोरडी उभी आहे आणि फॉर्मवर अठ्ठेचाळीस. आमच्याकडे खुलासा मागितला. खुलासा मी लिहिला. "पाणी शून्याखाली गेल्याचे मापकाने कार्यालयास कळवले नाही." माझं वाक्य. माझं अक्षर. तुला वाटलं असेल वरच्या कोणी लिहिलं आणि मी फक्त अडवलं नाही. नाही रे. मीच. त्या वाक्याने तुझी चौकी गेली, चौकीबरोबर ती दोन खोल्यांची जागा गेली, आई त्या भाड्याच्या ओल्या खोलीत आठ महिने खोकली आणि गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचले आणि तू दारातूनच म्हणालास, "आता कशाला आलीस?" त्याचा राग मी नऊ वर्षं धरला! मला वाटायचं, माझा अपमान झाला.

सही अजून केलेली नाही. करणार नाही असं म्हणायची माझी हिंमतही नाही.

ताई

१७ एप्रिल

अरे गाढवा,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांत पहिलं, आणि त्यात हे? तूच लिहिलेलं तुला वाचून दाखवते, म्हणजे कळेल काय लिहून बसलास. "ताईस, सगळी पत्रं मिळाली. सोबत कागद आहे. फॉर्मवरचे आकडे मी माझ्या मनाने भरले आणि पानही मीच फाडलं असं लिहून खाली सही केली आहे. तुझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत असं भाची म्हणाली. ती नीट जाऊ देत. मला आता काय फरक पडतो. नदीचं तू बघशील. इकडे गुडघा दुखतो, बाकी बरं."

नदीचं मी बघेन? कशाने बघू? माझ्याकडे नदीचं तुझ्या वहीशिवाय आहे काय? तू स्वतःच्या सहीने स्वतःला खोटारडा म्हणवून घेतलंस की वही मेली, तिच्याबरोबर तुझे एकोणीस क्युसेक मेले, आणि तुझ्या गावापासून खाली अकरा वस्त्यांना दोन महिने दगड चाटायला लागतील. आणि शहराला काय मिळणार? अर्धा रिकामा जलाशय आणि आठवड्यातून दोनदा पाणी. एवढं सगळं कशासाठी, तर बहिणीला निरोपाच्या दिवशी हारतुरे मिळावेत म्हणून!

चांगुलपणाचाही वीट येतो रे माणसाला. तुझा हा असला चांगुलपणा माझ्या फार सोयीचा पडत आलाय आयुष्यभर. लहानपणी काच मी फोडायची आणि मार तू खायचास. मी म्हणायचे, याला लागत नाही. आईसुद्धा म्हणायची, याला लागत नाही. तू पण तेच म्हणायला शिकलास.

आता खरं ऐक, म्हणजे मी कोण आहे ते तुला नीट कळू दे. तुझा तो कागद मी लगेच फाडला नाही. एक अख्खा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. बैठकीत, कँटीनमध्ये, बसमध्ये. अधूनमधून हात घालून चाचपून पाहत होते, आहे ना. मनात मांडणी सुरू होती: हा कागद दिला की साहेब खूश, चौतीस मंजूर, चौतीस म्हणजे अठ्ठेचाळीसपेक्षा बरंच की, आपण निदान थोडं तरी खाली आणलं. बघ, मी पण मध्य काढायला लागले! साहेबांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी पान उलटताना थुंकी लावत नाही.

काल घरी आल्यावर तुझ्या भाचीने विचारलं, "मामाने काय लिहिलंय?" मी कागद तिला दिला. तिने वाचला. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं, आई?" आणि उठून आत गेली. कालपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. मग मी तो कागद फाडला. बारीक बारीक. असा कागद पुन्हा पाठवायचा नाही. पाठवलास तर तोही फाडेन.

गुडघ्याला शेक घे आणि त्या ओल्या जमिनीवर बसून पंप खोलू नकोस. स्टूल घे एखादं.

ताई

२९ एप्रिल

मुंगळ्या,

काल बैठक झाली. जसं झालं तसं सांगते.

लांब टेबल, चौदा माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. सल्लागाराने पडद्यावर चित्रं दाखवली. चौतीस क्युसेकचा छान निळा आलेख, मध्ये कुठे भोक नाही. साहेब म्हणाले, "मॅडमची सही तेवढी राहिली आहे, ती आता घेऊ." कागद माझ्यापुढे आला. मी पिशवीतून तुझी वही काढली, मूळ वही, आणि टेबलावर ठेवली. ग्रीसचा वास सगळीकडे पसरला. शेजारच्या माणसाने खुर्ची मागे घेतली.

मी म्हटलं, "गायब झालेलं पान मी काढलं होतं. हे ते." आणि पान बेचाळीस मोठ्याने वाचलं. मधेच थांबून पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "यातली ताई मी. मापकाने कळवलं होतं. खोटे आकडे माझ्या सांगण्यावरून भरले गेले. त्याने कळवलं नाही असं खुलाशात मी लिहिलं, ते खोटं लिहिलं. त्या फॉर्मवर किंवा त्याच्या मध्यावर मी सही करणार नाही."

मला वाटलं होतं निदान कोणीतरी छी म्हणेल. म्हणायला हवं होतं. एकजण मोबाइल बघत होता. साहेबांनी अंगठा तोंडापर्यंत नेला, मग खाली घेतला, आणि टिपण घेणाऱ्या बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "हे शेवटचं घेऊ नका."

बाई गेली वीस वर्षं त्या कोपऱ्यात बसते. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "घेतलं, साहेब."

टिपणात गेलं की ते खोडता येत नाही, वर पाठवावंच लागतं. म्हणून सही थांबली. माझी चौकशी लागली आहे, आजपासून मी कामावर नाही. शिपायाने ओळखपत्र मागितलं तेव्हा तो बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. दफ्तरखान्याची किल्लीही दिली. घरी आले तर तुझ्या भाचीने चहा केला. कपात दोन चमचे साखर घातली होती, मला लागते तशी. मला हुंदका आला, आणि त्याचीही लाज वाटली, कारण मी काही मोठं केलेलं नाही. बारा वर्षं उशिरा एक फोन कबूल केला, इतकंच.

आता तुझं काम. १२ मेला चौकशी अधिकारी तुला बोलावणार आहेत. पत्र येईल. प्रश्न मुळात एकच आहे: तो फोन झाला होता की नाही. झाला असेल तर पान खरं, पान खरं तर वही खरी. मग चौकीवर पुन्हा माणूस बसेल, खालची पट्टी लागेल, दोन कोरडे हंगाम नदी नीट मोजतील आणि बोगदा तेवढाच खोदतील जेवढा तिला परवडतो. फोन झाला नसेल तर मी भावासाठी कांगावा करणारी बाई, तू पानं काढणारा माणूस, आणि चौतीस मंजूर. साहेब आतापासून म्हणत फिरताहेत, "बहीणभावांनी मिळून रचलंय." त्यांना फक्त तुझं "नाही" हवं आहे. तुझ्याकडे कोणी गोड बोलायला आलं तर नवल नाही. बहिणीची नोकरी वाचेल म्हणून सांगतील. तू त्याला भुलशील, याचीच मला धास्ती आहे, बाकी कशाची नाही.

मागच्या चौकशीत त्यांनी तुला हाच प्रश्न विचारला होता. मी भिंतीशी बसले होते, खुलाशाची फाइल मांडीवर घेऊन. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. मग तू म्हणालास, "नाही, साहेब. मी कळवलं नव्हतं." आणि मी सुटकेचा श्वास सोडला. ऐकू आला असेल तुला, खोली लहान होती. त्या श्वासाची मला अजून ओकारी येते.

तू मला माफ करावंस असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. ते तुझं तू बघ, सवडीने, किंवा नको बघूस. पण १२ तारखेला वेळेवर ये. ते विचारतील, "तुमच्या बहिणीने सांगितलं होतं का?" मी या वेळी समोर बसेन आणि मान वर ठेवीन. तू माझ्याकडे बघू नकोस, मुंगळ्या. अधिकाऱ्याकडे बघ आणि हो म्हण.

ताई